चंपाबाईच्या कार्डावरचं हृदय

"चंपाबाई, डाव्या कुशीवर वळा," मी म्हणाले.

टेबलावरची बाई छताकडे बघत तशीच पडून राहिली. पायाशी उभ्या असलेल्या मालनताईंनी तिच्या गुडघ्याला हात लावला. "चंपा, वळ की गं. बाई काय म्हणत्यात?" तेव्हा कुठे ती वळली.

मला तिथेच खटकलं. अर्थात मला पावलोपावली खटकतं. भाजीवालीनं जुडी जरा जड दिली तर हिला आत दगड असेल असं वाटतं, असं आमची आई माझ्याबद्दल सांगायची. पण नर्सच्या कामात हा स्वभाव उपयोगी पडतो. तेरा वर्षं मोठ्या सरकारी रुग्णालयात काढली, त्यातली सहा हृदयाच्या वॉर्डात, आणि संशयी होते म्हणून चार-दोन जीव वाचलेही. पुढे सहा महिन्यांचा जादा कोर्स केला, परीक्षा दिली आणि माणदेशातल्या तरसवाडीच्या उपकेंद्रावर अधिकारी म्हणून आले. या गोष्टीला आता सात-आठ वर्षं होतील.

स्टेथोस्कोपची छोटी बाजू मी तिच्या डाव्या स्तनाखाली टेकवली आणि डोळे मिटले. पहिला ठोका दणकट होता. दुसऱ्यानंतर बारीक, खोल घरघर येत होती, शेजारच्या घरात कोणी जातं फिरवावं तशी. वॉर्डात ही घरघर मी शेकड्यानं ऐकली होती.

"लहानपणी सांधे सुजायचे?"

"व्हय. गुडघं, घोटं. शाळा त्यातच सुटली."

"झोपताना दम लागतो?"

"आडवं पडाय येत न्हाई. टेकून बसते."

वय तेहतीस, वजन एक्केचाळीस. हृदयाची झडप आकसलेली. मोठ्या दवाखान्यात नेऊन फुगा घालून ती उघडली तर ही बाई साठी बघणार, आणि नाही उघडली तर वर्ष काढणंही कठीण. सरकारी विम्याच्या योजनेत हे सगळं फुकट होत होतं. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. रेशनकार्डावर नाव असलेल्या घराचं योजनेचं कार्ड, आणि डॉक्टरच्या सहीचं शिफारसपत्र. कार्ड होतं. चंपाबाई तुकाराम शेंडगे, फोटोही बराचसा जुळत होता. मी पत्र भरलं आणि आजाराच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं.

ही पेन्सिलीची आमच्याकडची पद्धत. तपासायचा अधिकार मला होता, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू ठेवायचाही होता, पण रोगाला नाव द्यायचा नव्हता. ते काम कुरणीच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बिराजदारांचं. म्हणून मी पेन्सिलीनं लिहायचं, गुरुवारी रोग्यानं कागद घेऊन नऊ किलोमीटरवर कुरणीला जायचं आणि डॉक्टरांनी माझ्या अक्षरांवरून पेन फिरवून खाली सही ठोकायची. दोन वर्षांत त्यांनी माझं एकही अक्षर बदललं नव्हतं. बरेचदा ते रोग्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. "गेजगे सिस्टरनं बघितलंय ना, मग झालं," म्हणायचे. मी हे कौतुकानं गावभर सांगत असे.

"गुरुवारी कार्ड घेऊन जा," मी तिला म्हटलं. "महिन्याभरात काम होईल."

तिनं मालनताईंकडे पाहिलं. मालनताई आमच्या आशा कार्यकर्त्या, पन्नाशीच्या, गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोच असलेल्या. त्यांनी पत्राची घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली, तिच्या हातात दिली नाही. हेही मला खटकलं.

गुरुवारी दुपारी कुरणीला आम्हा सगळ्या सिस्टरांची बैठक होती. मी पोचले तेव्हा डॉक्टर बिराजदारांच्या शेजारी जिल्ह्याहून आलेले योजनेचे तपासणीस बसले होते. सकाळपासून ते तिथेच होते. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. बैठक सुरू होताच त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"सिस्टर, हे पत्र तुमचं?"

आजाराचा रकाना खोडरबरानं घासून पांढरा केला होता आणि वर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'हृदय निर्दोष'.

"सर, त्या बाईची झडप आकसली आहे."

"मी स्वतः तपासलं. एकदा नाही, दोनदा. साहेब समोर बसले होते. ठोके घड्याळासारखे आहेत, घरघरीचं नाव नाही. बाई ठणठणीत आहे."

"डाव्या कुशीवर घेऊन ऐकलंत?"

विचारलं आणि जीभ चावली. तपासणीस चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागले.

"आता तुम्ही मला शिकवणार?" डॉक्टर म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून फक्त बीपी आणि शुगर बघायचं. छातीला हात लावायचा नाही. तालुक्याला मी तसं कळवतोय."

मागच्या बाकावरून एका जुन्या सिस्टरचं पुटपुटणं ऐकू आलं. "कानामागून आली आणि तिखट झाली." दोघीतिघी हसल्या. माझे डोळे भरून आले ते अपमानानं. त्या बाईचा विचार त्यात कुठेच नव्हता, हे आज लपवून काय उपयोग?

परत येताना पहिला संशय माझ्या कानांचाच आला. वय चाळीस, त्यात सर्दी. उपकेंद्राच्या झाडूवालीची, शेजारच्या शिक्षिकेची, शेवटी माझी स्वतःची छाती ऐकून झाली. कान शाबूत होते. मग संशय डॉक्टरांवर गेला. बारा वर्षं सह्या ठोकून त्यांनाच ऐकू येत नसेल. तोही फार टिकला नाही, कारण आकसलेल्या झडपेची घरघर एखाद्या वेळी निसटेल, पण त्यांनी दोनदा ऐकलं होतं.

शुक्रवारी सकाळी कुरणीहून त्यांच्या तपासणीची चिठ्ठी आली. ती माझ्या वहीत डकवताना मी थांबले. त्यांच्या चिठ्ठीत वजन बावन्न होतं. माझ्या वहीत सोमवारी एक्केचाळीस. तीन दिवसांत अकरा किलो तर दिवाळीचा फराळ खाऊनही वाढत नाहीत. उंचीतही एका बोटाचा फरक होता.

बायका दोन होत्या.

मी एकटीच मोठ्यानं हसले. इतका आनंद मला कोर्सचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

मालनताईंना बोलावून घेतलं आणि दार लोटून घेतलं. बाहेरच्या बाकावर गोळ्यांसाठी आलेली माणसं बसली होती.

"सोमवारी जिला आणलंत ती कोण?"

"चंपा."

"आणि काल कुरणीला गेली ती?"

"चंपाच की."

"मग अकरा किलो कुठून आणले?"

मालनताईंनी मान खाली घातली. "बाई, एक ऐका माझं. कागद अजून फुडं धाडू नका. आधी माझ्यासंगं वस्तीवर चला. समदं दावते."

"दाखवायचं काय? इथंच सांगा."

"हितं न्हाई सांगता यायचं. भायेर त्यांचीच भावकी बसलीया. सोमवारपतूर तरी थांबा."

"का? तोपर्यंत काय जुळवायचंय?"

"जुळवायचं न्हाई वो काय."

माझा विश्वास बसला नाही. तालुक्यात सगळ्यात जास्त कार्डं काढली म्हणून मालनताईंचा सत्कार झाला होता. एका कार्डावर दुसरीला घुसवायचा हा प्रकार नवा नसणार, आणखीही असतील, मला वस्तीवर नेऊन रडारड करून गुंडाळायचा बेत असणार, असं माझ्या मनानं घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोर कोण हे मी ठरवूनच टाकलं होतं. त्या एक्केचाळीस किलोच्या बाईचं काय, हा विचार आला नाही असं नाही. आला, पण ती सापडेलच, जाते कुठे, असं म्हणून मी तो बाजूला सारला. आधी माझं नाव धुऊन निघायला हवं होतं.

शनिवारी मी कुरणीला गेले. दोन्ही कागद आणि एक पानी अहवाल डॉक्टरांपुढे ठेवला. मी तपासलेली आणि सरांनी तपासलेली व्यक्ती वेगळी आहे. चंपाबाई शेंडगे यांच्या कार्डावर दुसरीच व्यक्ती उपचार घेऊ पाहत आहे. खाली माझी सही, शिक्का.

डॉक्टरांनी दोनदा वाचलं. मग खुर्ची मागे सरकवून हसले. स्वभावानं ते वाईट नव्हते. "म्हणजे कान बरोबर होता तुमचा. मी उगाच बोललो त्या दिवशी."

"चालायचंच, सर."

"चहा घ्या. हे आजच जिल्ह्याला पाठवतो. तुमच्याच सहीनं जाऊ दे, शोध तुमचा आहे. आणि ती खरी रोगी कोण, ते बघा. माझ्याकडे आणा तिला."

"सोमवारी आणते," मी म्हटलं. माझ्या एकटीच्या सहीचा कागद दोन वर्षांत पहिल्यांदाच वर जात होता. चहा मला फार गोड लागला.

सोमवारी मालनताईंबरोबर वस्तीवर गेले. शेंडग्यांचं घर मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीपलीकडे होतं. दारात एक बाई बाजरी पाखडत होती, भरल्या अंगाची, नाकीडोळी मागच्या सोमवारच्या बाईसारखीच. ही खरी चंपा. आत भिंतीशी वाकळांची चळत रचून तिला टेकून माझी रोगी बसली होती. पायांवर सूज आली होती, ओठ निळसर होते. आठवड्याभरात ती आणखी वाळली होती.

"ही गोदा," मालनताई म्हणाल्या. "चंपाची धाकटी बहीण."

"हिचं कार्ड का काढलं नाही?" मी विचारलं.

चंपानं सूप खाली ठेवलं. "काढायचं कशावर? दाल्ल्यानं दुसरी आणली, हिला हाकललं. तिकडच्या रेशनकार्डातनं नाव कापलं. कापल्याचा दाखला मागाय गेलो तर कुत्रं अंगावर सोडलं. त्यो दाखला आणल्याबिगर आमच्या कार्डावर नाव चढत न्हाई. चार वरीस हेलपाटं घातलं, बाई. हिचं नाव तिकडं न्हाई आन् हिकडंबी न्हाई."

"म्हणून तुमच्या नावावर?"

"म्या कुटं काय खाल्लं त्यात? माझं कार्ड असंच पडल्यालं. मला काय रोग न्हाई. हिला हाय."

"मग गुरुवारी तुम्ही कशाला गेलात? हिलाच पाठवायचं होतं. डॉक्टरनं तपासल्यावर खोटं उघडं पडणार, एवढंही कळलं नाही?"

मी काहीतरी अडाणीपणाचं विचारल्यासारखा चंपाचा चेहरा झाला. "तपासत्यात कुटं, बाई? आमच्या मामंजींचा कागद भायेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या झाला. तुमी लिवता, त्ये वरनं गिरवत्यात. तुमीच की सांगत हुता गावात. त्या रोजी अंगठा घेत्यात, तोंड बघत्यात आसं कळलं, म्हनून म्या गेले. रोग तर तुमी लिवलाच हुता. निस्ती सही ऱ्हायली हुती."

गावाला आमचं कामकाज आमच्याहून चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं ते जसं चाललं होतं, त्यावरच या बायकांनी भरवसा ठेवला. नेमका त्या एका दिवशी डॉक्टरांनी नियमानं काम केलं.

आता गोदा बोलली. दोन शब्दांत एकदा श्वास घेत होती. "बाई, तुमी... कान लावून... किती येळ ऐकलंत. येवढं कुणी न्हाई ऐकलं. मी म्हनलं... आता हुतंय आपलं."

मालनताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कागद धाडला का बाई?"

"शनिवारी," मी म्हटलं.

चंपानं सूप परत उचललं आणि पाखडू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी चंपाच्या घरातल्या सातही जणांचं कार्ड चौकशीपर्यंत बंद झालं.

त्याआधी मंगळवारी मी गोदाला जीपनं कुरणीला नेलं. डॉक्टर बिराजदारांनी तिला डाव्या कुशीवर घेतलं, बराच वेळ ऐकलं. "आहे. स्पष्ट आहे," ते म्हणाले. सूज उतरायच्या गोळ्या त्यांनी स्वतःच्या कपाटातून काढून दिल्या. रेशनकार्ड नसलेल्या तातडीच्या रोग्याला तहसीलमधून खास दाखला मिळतो आणि त्यावर योजना लागू होते, असं मी कोर्समध्ये शिकले होते. त्याला डॉक्टरचं पत्र जोडायचं. मी ते मागितलं.

डॉक्टरांनी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. "सिस्टर, चौकशी हिच्यावरच आहे ना? उद्या विचारतील, पाच दिवसांपूर्वी निर्दोष लिहिलंत आणि आता पत्र देताय, तुम्ही सामील होता का? मला दोन लहान मुलं आहेत. चौकशी संपू दे, दुसऱ्या मिनिटाला देतो."

"तोपर्यंत ती टिकेल का?"

ते गोळ्यांच्या पाकिटावर वेळा लिहीत राहिले.

मग मीच पत्र लिहिलं. तेरा वर्षांत शिकलेलं सगळं त्यात घातलं. तहसीलच्या खिडकीतल्या कारकुनानं ते सावकाश वाचलं. माणूस सभ्य होता.

"लिहिलंय छान. पण खाली डॉक्टरची सही लागते."

"मी तपासलंय. हे माझं प्रमाणपत्र, हा माझा हुद्दा."

"असेल हो. सिस्टरच्या सहीवर दाखला निघत नाही."

"माझ्याच सहीवर कार्ड बंद झालं ना?"

"बंद करायला तक्रार लागते, बाई. ती कुणाचीही चालते."

शेवटी रजा टाकून मी गोदाला एसटीनं माझ्या जुन्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं यंत्रावर झडप पाहिली. मी लिहिलं होतं तेच निघालं. फुगा घालायचा तर योजनेतून लगेच होणार होतं. कार्ड नसलेल्यांची यादी वेगळी होती आणि लांब होती. ओळखीनं एक नंबर मिळाला, सव्वीस जूनचा. तेव्हा एप्रिल चालू होता. परतीच्या एसटीत गोदा खिडकीशी बसली होती. तिनं बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "जवळच हाय की." मी हो म्हटलं.

दर दोन दिवसांनी मी वस्तीवर जात होते. मे महिन्यात चौकशी संपली. माझा अहवाल खरा ठरला, चंपाला समज देऊन सोडलं, छातीला हात लावायची माझ्यावरची मनाई उठली. कार्ड उघडण्याचा आदेश निघायला मात्र आणखी वेळ लागणार होता. डॉक्टर बिराजदारांनी शब्द पाळला आणि गोदाच्या दाखल्यासाठी पत्र दिलं. ते तहसीलमध्ये पोचलं, तिथले साहेब निवडणुकीच्या कामात होते.

सात जूनला सकाळी गोदा गेली. चंपा तिची वेणी घालत होती. घालता घालता मान कलली, इतकंच झालं.

मी सोमवारपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. कदाचित खोट्या नावावर काम झालं असतं, कदाचित अंगठ्याशीच अडलं असतं. पण थांबायला काही लागत नव्हतं. जिच्यावर संशय घ्यायला हवा होता ती मी होते, आणि तेवढी सोडून मी सगळ्या गावावर घेतला. तिच्या मरणात माझा हात आहे असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं.

चौथ्या दिवशी मालनताई चंपाला घेऊन उपकेंद्रात आल्या. आमच्याकडे घरी झालेल्या मृत्यूची खबर उपकेंद्रातून ग्रामपंचायतीत जाते. मी फॉर्म काढला. नाव, गोदा. वय, एकतीस. कारणाच्या रकान्यात लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद चंपापुढे ठेवला.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या रकान्यावर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय?"

"हृदयाची झडप आकसली होती, ते."

"आता ह्यो घिऊन कुरनीला जायचं? डॉक्टरास्नी दावाय?"

"नाही. ग्रामपंचायतीत द्यायचा."

"त्यांची सही नको?"

"नको."

"तुमच्या एकटीच्या सहीवर भागतंय?"

"भागतं."

चंपानं तो कागद नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि उठली.

"म्हंजी मेल्याव चालती तुमची सही," ती म्हणाली, आणि मालनताईंच्या मागोमाग निघून गेली.